स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसण्याचा कट्टा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुंबई-पुण्यासारख्या शहरांतील वन बीएचके किंवा टू बीएचके सदनिकेत ७ बाय ८ किंवा ८ बाय १० फुटांचे स्वयंपाकघर सर्रास दिसते. एका भिंतीला ओटा, त्याच्या टोकाला सिंक, समोर फ्रिज एवढे मांडून झाल्यावर एखादा कोपरा उरतो आणि त्यात हळूहळू पाण्याचे कॅन, रद्दी व कांद्याची टोपली जमू लागते. त्याच कोपऱ्यात दोघांना नीट बसता येईल असा छोटा कट्टा करावा, असे ज्यांच्या मनात आहे त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे लिहिली आहेत. मापे इंच-फुटांत दिली आहेत, कारण आपल्याकडे सुतार आणि गवंडी आजही त्याच भाषेत बोलतात.

बाहेरच्या खोलीत जेवणाचे टेबल असताना स्वयंपाकघरात वेगळी जागा कशासाठी करायची?

चूल जमिनीवर होती तेव्हा स्वयंपाक करणारी व्यक्ती पाटावर बसत असे आणि तिच्याशी बोलायला येणाराही दुसरा पाट ओढून शेजारीच बसे. ओटा आल्याने कंबर आणि गुडघे यांना मोठा दिलासा मिळाला, गॅसच्या शेगडीमुळे धूरही गेला. परंतु स्वयंपाक करणारी व्यक्ती भिंतीकडे तोंड करून एकटी उभी राहू लागली आणि घरातली बाकीची माणसे बाहेरच्या खोलीत गेली. कट्ट्याचे पहिले काम म्हणजे ही सोबत परत आणणे. सकाळचा चहा, मुलांचा गृहपाठ, मेथी निवडणे, मटार सोलणे, औषधाची गोळी घेण्यापूर्वी दोन बिस्किटे खाणे, ही कामे मोठ्या टेबलापाशी होतच नाहीत. ती शेगडीच्या आसपासच होतात, आणि जागा नसली की उभ्याने होतात.

स्वयंपाकघरात बसण्याची सोय करणे हा विचार नवा नाही. जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या गृहप्रकल्पांसाठी १९२६ मध्ये मार्गारेटे शुट्टे-लिहोत्स्की या वास्तुविशारद स्त्रीने जे प्रसिद्ध छोटे स्वयंपाकघर आखले, ते साधारण १.९ मीटर रुंद आणि ३.४ मीटर लांब होते, म्हणजे आपल्या स्वयंपाकघरांच्याच मापाचे. त्यातही खिडकीजवळच्या कामाच्या फळीपाशी बसून काम करता यावे म्हणून स्टूल दिलेले होते. तेव्हा जागा लहान आहे म्हणून बसण्याची सोय होणार नाही, असे आधीच ठरवून टाकू नये.

कमीत कमी किती जागा लागते?

एका माणसाला बसण्यासाठी २४ इंच रुंदी धरावी. २२ इंचांत बसता येते, पण कोपर शेजाऱ्याला लागते. दोघांसाठी ४ फूट लांबीचा कट्टा पुरतो. कट्टा आणि त्यासमोरचे टेबल मिळून भिंतीपासून सुमारे ३ फूट जागा व्यापली जाते, आणि त्यापुढे ओट्यापर्यंत ३ फुटांची मोकळी वाट राहणे चांगले. वाट ३० इंचांवर आणता येते, पण त्याखाली गेल्यास एक जण ओट्याशी उभा असताना दुसऱ्याला मागून जाता येत नाही.

स्वयंपाकघर खरोखरच अरुंद असेल तर टेबलाचा विचार सोडून द्यावा आणि केवळ १५ इंच खोलीचा, म्हणजे पुढून मागे १५ इंचांचा, कट्टा करावा. बसायला जागा आणि हातातला कप टेकवायला भिंतीवर एक ६ इंचांची फळी एवढ्यावरही तो कोपरा उत्तम चालतो. आमच्या मते टेबलाच्या हट्टापायी चालण्याची वाट गमावणे हा या कामातला सर्वांत महागात पडणारा निर्णय असतो.

कोणता कोपरा निवडावा?

निवड करण्यापूर्वी घरातली हलणारी प्रत्येक गोष्ट उघडून पाहावी. फ्रिजचे दार पूर्ण उघडल्यावर दोन फुटांच्या आसपास पुढे येते. ओट्याखालची ट्रॉली बाहेर ओढली की दीड ते पावणेदोन फूट जागा घेते. स्वयंपाकघराचे दार आत उघडत असेल तर त्याचीही फेरी असते. या सगळ्यांच्या खुणा खडूने फरशीवर काढाव्यात आणि उरलेल्या जागेत कट्ट्याच्या मापाचे वर्तमानपत्र अंथरावे. त्यानंतर त्या कागदावर एक स्टूल ठेवून तीन-चार दिवस नेहमीचा स्वयंपाक करावा. पोळ्या लाटताना, कुकर उतरवताना, गरम पातेले सिंककडे नेताना आपण कुठे अडखळतो, ते या चार दिवसांत आपोआप कळते. कागद दोन इंच सरकवायला काही पडत नाही, बसवलेला कट्टा सरकवायला मात्र सुताराला पुन्हा बोलवावे लागते.

शेगडीच्या बाजूला निदान ३ फूट अंतर ठेवावे. फोडणीचे तेल उडते, आणि कढईची मूठ बसलेल्या माणसाच्या दिशेने असू नये. सिंकला चिकटून कट्टा केल्यास पाण्याचे शिंतोडे उडून गादी कायम दमट राहते. खिडकीखालचा कोपरा मिळाला तर तो सर्वांत उत्तम, मात्र खिडकीची सरकती काच व जाळी पुसण्यासाठी हात पोहोचला पाहिजे.

बैठकीची उंची आणि खोली नेमकी किती असावी?

या एका प्रश्नावर संपूर्ण कट्ट्याचे यश अवलंबून आहे, म्हणून त्याचे उत्तर सविस्तर देत आहोत.

बैठकीची उंची, गादी दबल्यानंतर, जमिनीपासून १७ ते १८ इंच असावी. टेबलाचा वरचा पृष्ठभाग २८ ते ३० इंचांवर असावा, म्हणजे दोन्हींमध्ये ११ ते १२ इंचांचे अंतर राहते आणि मांड्या टेबलाखाली आरामात जातात. टेबलाच्या फळीखाली जाड पट्टी किंवा खण असेल तर हे अंतर त्या पट्टीच्या खालच्या कडेपासून मोजून पाहावे. घरात गुडघेदुखीचा त्रास असणारी व्यक्ती असेल तर बैठक १९ इंचांपर्यंत नेण्यास हरकत नाही, कारण उंच जागेवरून उठणे सोपे जाते; परंतु तिचे तळवे जमिनीला पूर्ण टेकलेच पाहिजेत. तळवे टेकत नसतील तर मांडीच्या मागच्या बाजूला दाब येऊन पायांना मुंग्या येतात.

खोली, म्हणजे बैठकीच्या पुढच्या कडेपासून पाठीपर्यंतचे अंतर, १६ ते १८ इंच ठेवावे. येथे हमखास चूक होते, आणि ती आमच्याही घरी झाली. कट्टा करताना आम्ही लांबी सांगितली, उंची सांगितली, पण खोली सांगायची राहिली, आणि ती सोफ्याच्या मापाने २२ इंच झाली. दिसायला तो फार ऐसपैस दिसे. आई मात्र त्यावर कडेलाच बसायची, कारण मागे सरकून बसले की तिचे पाय अधांतरी राहत आणि पाय टेकवले की पाठीला आधार मिळत नसे. आठवडाभरातच तिने पाठीमागे दुहेरी घडी केलेली सोलापुरी चादर खोचायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या लक्षात आले. मग पाठीची फळी भिंतीपासून ५ इंच पुढे आणून बसवली आणि तिच्यामागे जी अरुंद जागा उरली तिच्यावर एक लांबट फळी टाकली. आज त्या फळीवर तिचा चष्मा, पंचांग आणि गोळ्यांची डबी असते, आणि बसताना तिची पाठ टेकलेली असते. ज्यांच्यासाठी कट्टा करायचा, त्या व्यक्तीला नेहमीच्या खुर्चीवर बसवून गुडघ्यामागच्या वळणापासून पाठीपर्यंत टेपने मोजावे आणि त्यातून २ इंच वजा करावेत; तेच आपले माप समजावे.

पाठीची फळी अगदी सरळ उभी न ठेवता वरच्या बाजूला दीड-दोन इंच मागे कलती ठेवली तर तासभर बसणेही सुसह्य होते. ते शक्य नसेल तर भिंतीला टेकून एक लोड किंवा लहान तक्क्या ठेवावा.

सरळ कट्टा करावा की एल आकाराचा?

एल आकार चित्रात आकर्षक दिसतो आणि माणसेही एक-दोन जास्त बसतात. मात्र कोनातल्या जागेवर कोणालाच नीट बसता येत नाही, कारण तिथे दोघांचे गुडघे एकमेकांवर येतात. आत बसलेल्या व्यक्तीला बाहेर यायचे असेल तर कडेच्याला उठावे लागते, आणि वयस्कर माणसांना असे सरकत बाहेर येणे अवघड जाते. दोन्ही भुजा निदान चार-चार फुटांच्या होत असतील तरच एल करावा. अन्यथा एक सरळ कट्टा आणि समोर टेबलाखाली पूर्ण जाणारी दोन स्टुले, ही मांडणी लहान स्वयंपाकघराला अधिक मानवते.

टेबल कोणत्या प्रकारचे घ्यावे?

दोघांसाठी २४ बाय ३० इंचांची फळी पुरते. दोन ताटे, मध्ये भाजीचे पातेले आणि पाण्याचे तांबे-भांडे तिच्यावर बसतात. चार कोपऱ्यांना चार पाय असलेल्या टेबलापेक्षा मधोमध एकच खांब असलेले टेबल घ्यावे, म्हणजे कट्ट्यावर सरकून बसताना पाय आपटत नाहीत. फळीचे कोपरे गोल करून घ्यावेत. चिंचोळ्या वाटेत येता-जाता मांडीला लागणारा टोकदार कोपरा रोज त्रास देतो.

भिंतीला बिजागऱ्यांनी लावलेले घडीचे टेबल हा जागा वाचवण्याचा चांगला उपाय आहे, पण त्याआधी भिंत कशाची आहे ते पाहिले पाहिजे. पक्क्या विटेच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत अँकर फास्टनर (भोकात फुलून घट्ट धरणारा बोल्ट) पक्का बसतो. वजनाला हलक्या असलेल्या एएसी (सच्छिद्र काँक्रीटच्या) ब्लॉकच्या भिंतीत साधा प्लग काही महिन्यांत ढिला होतो, म्हणून तिच्यासाठी मिळणारे खास प्लग वापरावे लागतात. जिप्समच्या पार्टिशनवर असे टेबल लावूच नये, कारण जेवताना माणूस नकळत हातांचा भार टेबलावर टाकतो. नव्या उंच इमारतींत अॅल्युमिनिअमच्या साच्यांत ओतलेल्या काँक्रीटच्या भिंती असतात, ज्यांना बांधकामावरची माणसे मायव्हानच्या भिंती म्हणतात. त्या भिंती इमारतीचा भार वाहतात. त्यात लहान भोक पाडण्यास अडचण नसते, परंतु खाच मारणे किंवा कोनाडा कोरणे कटाक्षाने टाळावे.

कट्टा प्लायवुडचा करावा की कडाप्प्याचा?

दोन्ही चांगले आहेत. निवड घराचा मजला, हवा आणि सामान साठवण्याची गरज यांवरून करावी.

प्लायवुड घ्यायचे तर १८ मिलिमीटर जाडीचे घ्यावे आणि त्यावरचा शिक्का स्वतः वाचून पाहावा. ‘आयएस ३०३’ या भारतीय मानकाखाली एमआर (दमटपणा सोसणारा) आणि बीडब्ल्यूआर (उकळते पाणी सोसणारा) असे दोन दर्जे येतात. त्यांपैकी एमआर हा कोरड्या खोल्यांसाठी असतो, स्वयंपाकघरासाठी बीडब्ल्यूआर घ्यावा. ‘आयएस ७१०’ म्हणजे मरीन प्लाय, पाण्याला अधिक टिकणारा. सिंकजवळचा कोपरा असेल किंवा भिंतीला पूर्वी ओल आलेली असेल तर त्यावर थोडा अधिक खर्च करणे योग्य ठरते. ८ बाय ४ फुटांच्या एका शीटमध्ये चार फुटी कट्टा पूर्ण निघतो, हे अनेकांना ठाऊक नसते. शीटची लांबी ८ फूट ठेवून रुंदीत तीन पट्ट्या पाडाव्यात, एक १८ इंचांची आणि दोन १५ इंचांच्या. १८ इंचांच्या पट्टीतून वरची बैठक आणि तळ निघतो. पहिल्या १५ इंचांच्या पट्टीतून समोरची बाजू व दोन्ही कडा. दुसरीतून मधला आधार आणि चार फूट लांबीची पाठ. करवतीच्या जाडीमुळे प्रत्येक तुकडा मिलिमीटर-दोन मिलिमीटर कमी भरतो, तेवढे गृहीत धरावे. १५ इंचांची पेटी, तिच्याखाली एक इंचाचे बूट (टेकू देणारे छोटे ठोकळे), वर बैठकीची फळी आणि २ इंचांची गादी असे मिळून, गादी दबल्यावर बैठक बरोबर १७ ते १८ इंचांवर येते. मधला आधार वाचवण्याचा सल्ला कोणी दिला तरी ऐकू नये, कारण चार फुटांची फळी आधाराशिवाय मध्यभागी वाकते.

कडाप्प्याचा कट्टा म्हणजे दोन बाजूंना आधार आणि वर एक लादी. त्याला वाळवी लागत नाही, पाणी लागले तरी काही होत नाही, फडक्याने पुसला की स्वच्छ होतो आणि अनेक वर्षे टिकतो. गावाकडच्या घरात किंवा तळमजल्यावर आम्ही निःशंकपणे याचीच शिफारस करू. वरच्या मजल्यावर मात्र वजनाचा विचार करावा लागतो. ४ फूट लांब, दीड फूट रुंद आणि सव्वा इंच जाडीची लादी एकटीच ५० किलोच्या आसपास भरते. तिच्याखाली विटांचे दोन आधार बांधले की तेवढेच किंवा त्याहून थोडे अधिक वजन वाढते, आणि वर दोन माणसे बसतात ती वेगळीच. म्हणून सदनिकेत विटांऐवजी लोखंडी चौकोनी पाइपची चौकट करून तिच्यावर लादी ठेवावी, आणि वीटकामच करायचे असेल तर आधी इमारतीच्या इंजिनिअरला विचारावे व सोसायटीची लेखी परवानगी घ्यावी. लादीची पुढची कड गोल घासून घ्यायला विसरू नये.

कोकणात, गोव्यात किंवा मुंबईच्या समुद्रालगतच्या भागात खाऱ्या हवेने साध्या लोखंडी बिजागऱ्या लवकर गंजतात. तिथे बिजागऱ्या आणि स्क्रू ३०४ दर्जाच्या स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत.

बैठकीखालच्या पेटीत काय ठेवावे? सिलिंडर ठेवला तर चालेल का?

सिलिंडर कोणत्याही परिस्थितीत ठेवू नये, भरलेला जादाचा सिलिंडरही नाही आणि रिकामाही नाही. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली तर तो वर न जाता खाली, जमिनीलगत साचतो, आणि बंद पेटीत तो कोणाच्या लक्षात न येता साठून राहतो. १४.२ किलोचा घरगुती सिलिंडर नेहमी उभा आणि हवेशीर जागेत, शेगडीपेक्षा खालच्या पातळीवर असावा. कट्टा सिलिंडरच्या शेजारी येत असेल तर रेग्युलेटरपर्यंत हात सहज पोहोचेल एवढी जागा सोडावी, आणि गॅसची नळी कट्ट्याच्या मागून दाबून किंवा लपवून नेऊ नये. गळतीचा संशय आला तर विजेचे कोणतेही बटण चालू-बंद न करता रेग्युलेटर बंद करावा, खिडक्या-दारे उघडावीत आणि घराबाहेर जाऊन १९०६ या आपत्कालीन क्रमांकावर कळवावे.

कांदे-बटाटेही बंद पेटीत सडतात. तिथे वर्षातून चार-सहा वेळा लागणाऱ्या वस्तू ठेवाव्यात: पुरणयंत्र, चकलीचा सोऱ्या, मोठे पातेले, मोदकपात्र, पाट, चौरंग. रोज लागणारी वस्तू पेटीत गेली की प्रत्येक वेळी बसलेल्या माणसाला उठवावे लागते. वरून उघडणाऱ्या झाकणापेक्षा समोरून उघडणारी दारे किंवा खण सोयीचे पडतात, पण समोर टेबल असेल तर वरचे झाकणच करावे लागते. त्याला झाकण हळू बंद करणारा पंप बसवून घ्यावा, नाहीतर मुलांची बोटे चिरडण्याची भीती राहते. दोन्ही कडांना हवेसाठी भोके ठेवून आतून बारीक जाळी लावावी, म्हणजे कुबट वास येत नाही आणि झुरळांनाही वाट मिळत नाही.

गादी आणि कापड कसे निवडावे?

फोम घेताना जाडीबरोबर डेन्सिटी, म्हणजे घनता, विचारावी. ४० डेन्सिटीचा २ इंची फोम कट्ट्याला योग्य आहे. हलक्या डेन्सिटीचा ४ इंची फोम सुरुवातीला मऊ लागतो, पण लवकरच बसतो आणि बैठकीची उंची बदलून टाकतो. कापसाची गादीही छान वाटते, मात्र तिला वरचेवर ऊन दाखवावे लागते.

अभ्रा सुती, गडद किंवा बारीक नक्षीचा आणि चेन असलेला शिवावा. फोडणीचा तेलकटपणा हवेतून कापडावर बसतोच, म्हणून दोन अभ्रे शिवावेत आणि दर पंधरा दिवसांनी बदलावेत. कापड शिंप्याकडे देण्याआधी एकदा पाण्यातून काढावे, नाहीतर पहिल्याच धुण्यात ते आटते आणि अभ्रा गादीवर चढत नाही. रेक्झिन पुसायला सोपे असते, पण उन्हाळ्यात त्यावर घाम येतो. घरात जुन्या साड्यांची गोधडी असेल तर तिची घडी कट्ट्यावर टाकून पाहावी. थंडीत कडाप्प्यावर याहून चांगले अंथरूण आम्हाला सापडलेले नाही.

दिवा कसा असावा?

ओट्यावर कामासाठी पांढरा प्रखर प्रकाश हवा, कट्ट्यावर मात्र २७०० ते ३००० केल्विनचा पिवळसर. दोन्हींची बटणे वेगळी ठेवावीत, म्हणजे रात्री स्वयंपाक आटोपल्यावर केवळ कोपऱ्यातला दिवा ठेवून बसता येते. लटकता दिवा टेबलाच्या फळीपासून सुमारे ३० इंच वर, टेबलाच्या मधोमध असावा; बैठकीच्या वर आला तर उठताना डोक्याला लागतो. तिथेच भिंतीवर ६ अँपिअरचा एक पॉइंट सिंकपासून दूर घेऊन ठेवावा.

घर भाड्याचे आहे, भिंतीला भोक पाडता येत नाही. काय करावे?

अकरा महिन्यांच्या करारावर राहणाऱ्यांनी भिंतीला हात न लावता उचलून नेता येईल असाच कट्टा करावा. घरात पत्र्याची जुनी ट्रंक असेल तर तिची उंची मोजावी. ती १४-१५ इंच भरली तर तिच्यावर १८ मिलिमीटरची फळी आणि २ इंचांची गादी ठेवली की बैठक तयार होते. फळी ट्रंकेवरून सरकू नये म्हणून तिच्या खालच्या बाजूला ट्रंकेच्या आतल्या मापाने दोन पट्ट्या ठोकता येत नाहीत, कारण झाकण वर असते. त्याऐवजी ट्रंकेच्या बाहेरून टेकतील अशा पट्ट्या चारही कडांना लावाव्यात. पाठीसाठी भिंतीशी दोन तक्के आणि प्रकाशासाठी प्लगवर चालणारा दिवा एवढे पुरते. घर बदलताना ट्रंक सामानाने भरून तशीच टेम्पोत चढते.

ड्राय बाल्कनी (स्वयंपाकघराला लागून असलेली धुण्या-भांड्यांची बाल्कनी) आत घेऊन तिथे कट्टा केला तर?

परवानगीशिवाय बाल्कनी बंदिस्त करणे किंवा मधली भिंत पाडणे नियमात बसत नाही, आणि ती भिंत भार वाहणारी असेल तर धोका संपूर्ण इमारतीला पोहोचतो. शिवाय तिथे पाणी वाहून जाण्याचा उतार व जाळी असते. ती झाकली की पाणी तुंबून खालच्या घरात गळते. काहीही न पाडता, जाळी मोकळी ठेवून एक स्टूल आणि घडीची फळी मांडणे शक्य असते, तेवढ्यावर समाधान मानावे.

लहान मुले कट्ट्यावर बसतात. विशेष काळजी कोणती?

मूल कट्ट्यावर उभे राहणार हे गृहीत धरावे. म्हणून त्यावर हात पोहोचेल अशा ठिकाणी सुऱ्या, काडेपेटी, मिक्सरचे बटण असू नये, आणि कट्टा खिडकीखाली असेल तर भक्कम ग्रिल असलेच पाहिजे. टेबलावर मुलांच्या बाजूने लोंबणारे कापड टाकू नये, कारण ते ओढले की गरम आमटी अंगावर येते.

वास्तुशास्त्राची अडचण येते का?

आग्नेय दिशा आणि पूर्वाभिमुख स्वयंपाक हे संकेत शेगडीच्या जागेविषयी आहेत. कट्ट्यासाठी शेगडी हलवावी लागत नाही, त्यामुळे ज्यांची श्रद्धा आहे त्यांनाही सहसा अडचण येत नाही.

भिंतीला पावसाळ्यात ओल येते. तिथे कट्टा करावा का?

आधी ओलीचे कारण दूर करावे आणि मगच कट्टा करावा. बाहेरच्या भिंतीला तडा आहे, वरच्या मजल्यावरची मोरी गळते आहे की आतली पाण्याची पाइप पाझरते आहे, हे तपासावे. पावसाळा संपल्यावरही डाग ओला राहत असेल तर दोष बहुधा पाइपचा असतो. पोपडे आलेल्या भिंतीवर फळी ठोकून ती झाकली तर बुरशी आत वाढत राहते आणि प्लायला वाळवी लागते.

ओल बरी झाल्यावरही कट्टा भिंतीपासून एक इंच सुटा ठेवावा आणि खाली नायलॉनचे बूट किंवा ग्रॅनाइटचे तुकडे देऊन तो फरशीपासून उचलावा, कारण आपल्याकडे फरशी पाण्याने पुसली जाते आणि प्लायची खालची कड सर्वांत आधी फुगते. त्या कडेला केवळ लॅमिनेट लावून भागत नाही. तिथे रंगाचे दोन हात देण्यास सुताराला आवर्जून सांगावे. श्रावणात ऊन पडेल त्या दिवशी पेटी पूर्ण रिकामी करून झाकण उघडे ठेवावे, गादी बाहेर टाकावी, आणि सामान परत भरण्यापूर्वी तळाच्या कोपऱ्यांवर बोट फिरवून पाहावे. लाकडाचा भुसा किंवा मातीची बारीक रेघ हाताला लागली, तर ती लाकूड पोखरणारी कीड किंवा वाळवी लागल्याची खूण असते आणि त्या वेळी उपाय केल्यास कट्टा वाचतो.